वेदीवस्त्राचा चौथा कोपरा

गेल्या उपवासकाळात आमच्या वरूडच्या लहानशा मंडळीतील एक वृद्ध माता देवाघरी गेली. अंत्यविधीनंतर पंधरा-वीस दिवसांनी तिची नातसून माझ्याकडे आली. तिच्या हातात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले एक गाठोडे होते. त्यात वेदीवस्त्रासाठी क्रोशाने विणलेली हातभर रुंदीची किनार होती. जाळीच्या चौकड्या भरून काढलेल्या द्राक्षवेली आणि गव्हाच्या ओंब्या, तीन बाजू पूर्ण, तीन कोपरे वळवलेले. चौथी बाजू निम्म्यावर थांबलेली आणि शेवटच्या टाक्यात क्रोशा अजून तसाच अडकवलेला. सोबत सुपारीएवढा उरलेला दोऱ्याचा गुंडा होता. त्यावर चिठ्ठी नाही, नंबर नाही.

मी या किनारीला ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वी आजारी माणसांना प्रभुशरीर देण्यासाठी गेलो असता ती बाई खाटेवर बसून हेच काम करीत होती. “फादर, डोये दिसत नाहीत आता. हे माह्याच्यानं पुरं होत नाही जी,” असे ती म्हणाली होती, आणि मी सवयीने, “देव शक्ती देईल, आजी,” असे म्हणून पुढच्या घरी गेलो होतो. नातसुनेचा प्रश्न मात्र असा सवयीच्या उत्तराने भागणारा नव्हता. ती म्हणाली, “फादर, पुरं तर मी करते. पण दोरा कोणता घेऊ?”

सेमिनरीत आम्हांला वेदीवस्त्रे किती असावीत, त्यांची घडी कशी घालावी, ती कोणी धुवावीत, हे सारे शिकविले होते. दोरा कोणता, हे कोणी शिकविले नव्हते. मी चौकशी करू लागलो, जुनी पुस्तके उघडली, आणि एका गुंड्याच्या निमित्ताने जो इतिहास हाती लागला तो आपल्या वाचकांपुढे ठेवावासा वाटला. त्यातला बराचसा आपल्या वऱ्हाडाचा आहे, आणि काही भाग आपल्या ख्रिस्तसभेच्या फार अभिमानाचा नाही.

प्रारंभ नियमापासूनच करतो. प्रभूचे शरीर ज्यावर ठेवले जाते ती वस्त्रे तागाच्या किंवा अंबाडीसारख्या झाडाच्या धाग्याचीच असावीत, सुती नसावीत, असा दंडक रोमच्या विधिविषयक मंडळाने मे १८१९ मध्ये पुन्हा स्पष्ट शब्दांत घालून दिला. सुती कापड तितकेच पांढरे व स्वच्छ असले तरी चालणार नाही, असा त्याचा आशय होता. येथे ‘ताग’ म्हणजे आपल्या पोत्यांचा ताग नव्हे. हा धागा, ज्याला युरोपात लिनन म्हणतात, तो निघतो जवसाच्या झाडापासून. होय, ज्या जवसाची आपण चटणी करतो आणि ज्याचे तेल काढतो, त्याच जातीचे ते झाड. विदर्भात जवस पूर्वापार पिकत आला, परंतु तो बियांसाठी. येथला वाण बुटका, फांद्यांचा आणि भरपूर बोंडांचा. धाग्याचा वाण उंच, सरळ, विरळ बोंडांचा असतो. फ्लँडर्समधील शेतकरी तो दाट पेरीत, फुले गळताच उपटीत आणि लीस नदीच्या संथ पाण्यात कुजवून त्याचा सोनेरी धागा काढीत. सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपची बहुतेक नामांकित लेस या धाग्याची होती.

म्हणजे पाहा, वऱ्हाडात जवस होता, पण धाग्याचा नव्हता. आणि कापूस अमाप होता, पण वेदीला चालत नव्हता.

कापसाचीही कथा सरळ नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तोडला आणि सगळ्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘उमरा’ म्हणत. हा शब्द ‘उमरावती’चा, म्हणजे आपल्या अमरावतीचाच अपभ्रंश. नाव मोठे झाले, परंतु भाव मध्यमच राहिला, कारण उमराचा तंतू आखूड, सुमारे पाऊण इंचाचा. एक पौंड कापसातून ८४० वारांच्या किती लड्या निघतात, त्यावर सुताचा नंबर ठरतो. आखूड तंतूचे यंत्रावर बारीक सूत निघत नाही, ते तुटते. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील बेटांत होणाऱ्या कापसाचा तंतू दीड ते दोन इंच लांब, आणि इजिप्तचा कापूसही लांब धाग्याचा. लेसचा दोरा अशा कापसाचा होऊ शके. आमच्या उमराची होई ती जाडीभरडी सुतड.

याला एक अपवाद होता आणि तो गमावल्याची हळहळ वाटते. हिंगणघाटकडचा ‘बनी’ कापूस मऊ, पांढरा आणि देशी वाणांत उत्तम समजला जाई. परंतु त्याचे पीक कमी येई आणि सरकीच्या मानाने रुई कमी निघे. व्यापारी वजनावर पैसे देत, गुणावर नव्हे. मग शेतकऱ्याने जाड्या, काटक वाणांचा पेरा वाढविला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत बनी मागे पडला. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरी सावकार बसला आहे त्याने वजनाकडे पाहावे हेच स्वाभाविक. (डाक्क्याच्या सूतकातणाऱ्या स्त्रिया आखूड तंतूच्या कापसाचेच मलमलीचे सूत काढीत, तेही पहाटेच्या दमट हवेत, हाताने. तेव्हा ‘आखूड तंतू म्हणजे जाड सूत’ हा नियम यंत्राचा आहे, बोटांचा नव्हे.)

सुती दोरा लेसच्या कामात शिरला तो दोन घटनांमुळे. नेपोलियनच्या युद्धांत रेशीम मिळेनासे झाले तेव्हा स्कॉटलंडातील पेझ्ली येथील क्लार्क घराण्याने १८१२ च्या सुमारास मऊ, गोल, पीळदार सुती दोरा काढला. त्याच गावच्या कोट्स घराण्याने पुढे हा धंदा जगभर नेला. दुसरी घटना जॉन मर्सर या कापड छापणाऱ्या गृहस्थाची. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सूत बुडविले असता ते आटते, मजबूत होते आणि रंग चांगला घेते, हे त्याने १८४४ मध्ये पाहिले आणि १८५० मध्ये त्याचे पेटंट घेतले. आटण्यामुळे माल कमी होई, म्हणून ही क्रिया चाळीस वर्षे पडून राहिली. १८९० च्या सुमारास होरेस लो याने सूत ताणून धरूनच ती क्रिया केली, आणि सुताला रेशमासारखी चकाकी आली. आज दुकानात ‘मर्सराइज्ड’ म्हणून जो गुंडा मिळतो तो हाच. आमच्या आजीच्या गुंड्यालाही ती चकाकी होती, फिकी पडलेली, पण होती.

दोरा येथवर आला; आता हात कोठून आले ते पाहू. यासाठी फ्रान्सच्या ल प्युई या डोंगराळ गावी जावे लागते. १६४० च्या सुमारास तुलूझच्या न्यायसभेने लेस वापरण्यास बंदी घातली. कारणे मोठी मासलेवाईक होती. लेसमुळे थोर आणि सामान्य यांतला भेद दिसेनासा झाला, आणि बायका लेस करीत बसल्यामुळे घरकामाला मोलकरणी मिळेनाशा झाल्या! ल प्युईच्या हजारो स्त्रियांची चूल या बंदीने विझण्याची वेळ आली. त्यांच्या बाजूने उभा राहिला एक येशूसंघीय धर्मगुरू, संत जॉन फ्रान्सिस रेजिस. त्याने आधीच देहविक्रयातून सुटू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी आश्रयगृह काढून त्यांच्या हाती लेस व भरतकाम दिले होते. त्याच्या रदबदलीने बंदी उठली, आणि स्पेन व नव्या जगात येशूसंघाची जी घरे होती त्यांच्या ओळखीने लेसला गिऱ्हाईक मिळाले, अशी तेथील परंपरा सांगते. रेजिस १६४० च्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, वारला. लेस करणाऱ्यांचा तो आश्रयदाता संत मानला जातो. आपल्याकडे हा मान संत आनाचा, तोही खराच. पण रेजिसने स्त्रियांच्या मजुरीसाठी सरकारदरबारी भांडण केले, हे मला अधिक मोलाचे वाटते.

दहा वर्षांनी, १६५० मध्ये, त्याच ल प्युई गावात जाँ-पिएर मेदाय या येशूसंघीयाच्या मार्गदर्शनाखाली सहा स्त्रियांनी सेंट जोसेफच्या भगिनीसंघाची स्थापना केली. या भगिनी मठाच्या भिंतीआड न राहता गावात फिरून रुग्णांची व अनाथांची सेवा करीत, आणि रिबिनी व लेस विणून पोट भरीत व ती कला मुलींना शिकवीत. फ्रेंच राज्यक्रांतीने संघाची पांगापांग झाली. नंतर तो लियाँच्या बाजूला पुन्हा उभा राहिला आणि त्याची एक शाखा १८३३ मध्ये सव्हॉयमधील अनेसी येथे स्वतंत्र झाली.

अनेसी हे नाव विदर्भातील कॅथलिक वाचकाला परके नाही. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचा मिशनरी संघ तेथलाच. त्याचे पहिले मिशनरी १८४६ मध्ये विशाखापट्टणमला पोहोचले, आणि नागपूर व कामठीचा मुलूख त्यांच्याच मिशनक्षेत्रात होता. त्यांच्या मागोमाग १८४९ मध्ये सेंट जोसेफच्या भगिनी गोदावरीच्या मुखाशी यानम येथे उतरल्या, आणि पुढे याच घराण्यातील भगिनी नागपूर भागात आल्या. १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला. त्यातून १९५५ मध्ये आपला अमरावतीचा. आपल्या मुलूखभर कॉन्व्हेंटमधून सुई-दोरा शिकलेल्या बायकांच्या बोटांत ल प्युईचा काही अंश असावा, असे मानायला मला आवडते. मात्र आमच्या आजीने क्रोशा कोणाकडून उचलला हे तिच्या घरात कोणालाच सांगता आले नाही, तेव्हा याहून अधिक म्हणत नाही.

क्रोशाचा उगम मात्र ल प्युईत नाही. तेथली लेस उशीवर फिरक्या नाचवून होते. क्रोशाला एक आकडी पुरते. तो गोरगरिबांच्या घरी शिरला आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळात. १८४५ पासूनच्या त्या भीषण वर्षांत यॉल येथील प्रेझेंटेशन कॉन्व्हेंटच्या मदर मेरी ॲन स्मिथ यांनी इटालियन लेसचा एक जुना तुकडा घेतला, तो टाकाटाकाने उसवला, उसवताना त्याची रीत समजून घेतली आणि ती भुकेल्या मुलींना शिकवली. ती लेस सुईची होती. क्रोशाने तिची नक्कल करणे पुष्कळ जलद होई, म्हणून कॉर्कच्या उर्सुलाइन भगिनींनी व इतरांनी क्रोशाचा प्रसार केला. आयरिश भगिनी जेथे गेल्या तेथे ही आकडी त्यांच्याबरोबर गेली. प्रेझेंटेशन भगिनी तर दुष्काळाच्या आधीच, १८४२ मध्ये, मद्रासला येऊन राहिल्या होत्या. मराठी घरांत क्रोशा इतका रुळला की त्याला आपली भाषा लाभली. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. रुखवतावर क्रोशाचे रुमाल व तोरण मांडताना ही विलायती कला आहे असे आता कोणाच्या मनातही येत नाही.

परंतु या कलेचा दुसरा चेहराही पाहिला पाहिजे. १८१९ मध्ये, म्हणजे रोममध्ये सुती कापडाविरुद्धचा तो दंडक निघाला त्याच वर्षी, लंडन मिशनच्या मार्था मॉल्ट आपल्या पतीसह नागरकोइलला आल्या आणि थोड्याच काळात त्यांनी मुलींना लेस शिकवायला प्रारंभ केला. त्रावणकोरात तेव्हा दास्य कायदेशीर होते. ते उठले १८५५ मध्ये. त्याआधी काही दास स्त्रियांनी लेसच्या कमाईतून स्वतःची मुक्तता विकत घेतली. प्रॉटेस्टंट मिशनची ही गोष्ट आम्हां कॅथलिकांच्या पुस्तकांत फारशी येत नाही, यायला हवी.

याच्या उलट गोष्ट नरसापूरची. तेथेही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ख्रिस्ती स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे व्यापारी आले, दोरा वाटू लागले, लेस गोळा करू लागले आणि परदेशी पाठवू लागले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या स्त्रियांचा अभ्यास करून १८८२ मध्ये नव्हे, अगदी अलीकडे, १९८२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दिसते ते असे, की एक बाई फुले विणते, दुसरी पाने, तिसरी ती जोडते. दिवसाचे सहा-आठ तास काम होते, मजुरी शेतमजुरीच्या किमान दराहूनही कितीतरी कमी, आणि जनगणनेत त्यांची नोंद कामगार म्हणून नाही, कारण त्या ‘घरीच बसलेल्या’! २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव तर झाले. ते विणणारीच्या पदरापर्यंत पोहोचावे.

नकाशा काढून पाहा. वरूड तालुक्याच्या कडेने वाहणारी आपली वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरीच्या मुखाशी एका फाट्यावर यानम आहे, दुसऱ्यावर नरसापूर.

दूरच्या व्यापाऱ्यांना बोल लावणे सोपे. मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो तेथील जुनी देणगीवही मी एकदा वाचून काढली होती. घंटा कोणी दिली, बाकडी कोणी दिली, हार्मोनियम कोणाच्या स्मरणार्थ, सारे रकमेसह लिहिलेले. पवित्र वस्त्रांच्या कपाटात मात्र हाताने केलेल्या लेसची अकरा वस्त्रे निघाली, आणि वहीत त्यांच्याविषयी एक ओळ नव्हती. मी स्वतः त्या वहीत सहा वर्षे नोंदी केल्या. मीही लिहिली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याला महत्त्व दिले, आणि साहित्य व घडण यांत स्थानिक गरजा पाहून बदल करण्याचा अधिकार त्या त्या प्रदेशाच्या बिशपांना दिला. हे योग्यच झाले. पण आमच्यापैकी काहींनी साधेपणाच्या उत्साहात लेस ट्रंकेत टाकली आणि ठिकठिकाणी ती कसरीने खाल्ली. आज वेदीवर किमान एक पांढरे वस्त्र असावे एवढा नियम आहे. सुताला मज्जाव नाही. म्हणजे आमच्या आजीची सुती किनार घालायला नियमाची आडकाठी उरलेली नाही.

आता दोऱ्याचा प्रश्न. वाचक-भगिनींपैकी अनेकींना हे माझ्याहून चांगले ठाऊक असेल. पण ज्यांच्या घरी असे अर्धे काम पडून आहे त्यांच्यासाठी आम्ही काय केले ते सांगतो. गुंड्याचे टोक उकलून पेड मोजले, तीन निघाले. लेसच्या दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, हे ध्यानात ठेवून नातसुनेने अमरावतीहून २०, ४० आणि ६० नंबरचे एकेक लहान गुंडे आणले, तिन्ही मर्सराइज्ड. प्रत्येकाचा जुन्या दोऱ्याशी पीळ घालून पाहिला. ज्याच्याशी पिळल्यावर जाडी सारखी लागली तो ४० चा. पण तेवढ्याने भागले नाही. प्रत्येकीचा हात वेगळा. आजीचा हात घट्ट होता. नातसुनेने तोच दोरा व तोच क्रोशा घेऊन बोटभर नमुना विणला तर दहा चौकड्यांमागे जवळजवळ एक चौकडी वाढली. तिने एक नंबर बारीक क्रोशा घेतला, तेव्हा माप जुळले.

रंगाचे काम अधिक नाजूक. जुनी किनार पिवळसर झालेली, नवा दोरा शुभ्र. एका शेजारणीने ब्लीच सुचविले. ते टाळले, कारण जुने सूत त्याने कमजोर होते. किनार सौम्य साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून, न पिळता, टॉवेलवर पसरून उन्हात वाळवली, असे तीनदा. वऱ्हाडाचे चैत्राचे ऊन या कामी उपयोगी पडते, हे त्याच्याविषयी क्वचितच बोलावे लागणारे चांगले. नवा दोराही विणण्याआधी लडी करून धुऊन घेतला, म्हणजे पुढे आटून कोपरा ओढला जाऊ नये. आणि सगळा दोरा एकाच वेळी, एकाच लॉटचा आणला, कारण पांढऱ्यातही पांढरे वेगळे असते.

मी तिला एक वेडा प्रश्न विचारला होता की आपल्याच कापसाचा दोरा घ्यावा, असे होणार नाही का? तिने शांतपणे सांगितले, “फादर, आपल्या कापसाचं काय होते ते जिनिंगवाल्याले माहीत.” तिच्या सासऱ्यांच्या शेतात संत्र्याच्या बागेच्या कडेला दोन एकर कापूस आहे; तो कोणाच्या सुतात जातो हे त्या घरात कोणालाच ठाऊक नाही. भारतात लांब धाग्याचा कापूस होतच नाही असे नाही. कोइमतूरला १९७४ मध्ये काढलेला ‘सुविन’ अतिशय लांब व तलम धाग्याचा आहे, आणि नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. पण वरूडच्या दुकानात सुविनचा लेसदोरा मागितला तर दुकानदार हसेल.

जोडण्याच्या जागेबद्दल आमच्यात थोडा वाद झाला. तिचे म्हणणे, आजीच्या शेवटच्या दोन ओळी डोळे गेल्यावरच्या, त्यांत खांब चुकले आहेत; त्या उसवून घेऊ. एका ओंबीला पाच दाण्यांऐवजी चार होते, आणि द्राक्षाच्या घडात एक चौकडी रिकामी राहिली होती. मी म्हटले, राहू दे. तिने दोन दिवस विचार केला, आणि चुकीच्या ओळी तशाच ठेवून त्यांच्या पुढल्या टाक्यात नवा दोरा बांधला. गाठ मागच्या बाजूला, टोके सुईने आत दडवलेली. मला दाखवल्यावरही ती जागा मला सापडली नाही.

चौथा कोपरा पुरा झाला तो प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या आठवड्यात. किनार ओली करून, टाचण्यांनी फळीवर ताणून, तांदळाच्या पातळ खळीत बुडवलेल्या बोळ्याने सारखी केली आणि सावलीत वाळवली. देणगीवहीत मी आजीचे नाव लिहिले, त्याखाली नातसुनेचे. रकमेच्या रकान्यात काय लिहावे हे कळेना, म्हणून तेथे लिहिले: ४० नंबर, तीनपेडी.